तिखोनिव्नाचा आरसा

चित्र रायीसा तिखोनिव्नानं दाखवून दिलं, हे आमच्या प्लाव्ने गावात शेंबडं पोरसुद्धा सांगतं. बाजारात मासे विकणारी ओदार्का तर कागदात मासा गुंडाळता गुंडाळता गिऱ्हाइकाला ऐकवते, "बोट करून दाखवलं म्हातारीनं. आरशामागे आहे म्हणाली, न्या." ओदार्का त्या दिवशी कुठे होती म्हणाल, तर स्वतःच्या तळघरात, बटाट्याच्या पोत्यावर. मी संग्रहालयात होतो, तिखोनिव्नापासून दोन हातांवर शिडीला टेकून उभा होतो. तेव्हा आधी माझं ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

मी प्रोकिप, संग्रहालयाचा सुतार. चित्रांच्या चौकटी, खुर्च्या, खिडक्या, जिन्याचा कठडा, जे जे लाकडाचं ते माझ्या गळ्यात. आणि दारातून आत आल्यावर डाव्या हाताला तिखोनिव्नाचं राज्य: एक लाकडी काउंटर, मागे कोटांच्या खुंट्या, नंबर घातलेले पत्र्याचे बिल्ले आणि बाजूच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा आरसा. कुण्या जुन्या धान्यव्यापाऱ्याच्या घरातला, ओकच्या चौकटीचा. व्हिनेगर आणि वर्तमानपत्र घेऊन ती तो रोज पुसायची.

आमच्याकडे बाईच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, आणि वय झालं की नुसत्या बापाच्या नावानंच हाक मारतात. 'तिखोनिव्ना' म्हणजे तिखोनची मुलगी. ज्या बापाचा चेहरा तिला आठवत नव्हता त्याचं नाव दिवसभर तिच्या कानावर पडायचं.

बाई तोंडाची फाटकी. कोटाला आतून खुंटीवर अडकवायची फीत नसली की संपलंच. बाप्या असो की बाई, ती कोट हातात धरून सगळ्यांदेखत विचारायची, "बायको आहे का रे तुला? मग ही फीत कोण शिवणार, मंत्री येऊन?" माणूस खाली मान घालून वर चित्रं बघायला जायचा आणि परत येईपर्यंत फीत शिवलेली असायची. काळ्या दोऱ्यानं, दुहेरी टाक्यानं. त्याबद्दल कुणी आभार मानले तर वर आणखी बोलणी बसायची.

तिचे नियमही पुष्कळ. घरात शीळ घालायची नाही. उंबऱ्यावरून वस्तू द्यायची-घ्यायची नाही; मी घाईत दारातूनच किल्ली पुढे केली तर हात मागे घेऊन म्हणायची, "आत ये मेल्या, मग दे." आणि सगळ्यांत मोठा नियम आरशाचा. बाहेर पडलेला माणूस काही विसरून परत आला, तर जाताना त्यानं आरशात आपलं तोंड बघायचं आणि मगच निघायचं. परत फिरल्यानं रस्ता तुटतो, तोंड बघितल्यानं सांधतो. हे आमच्याकडे सगळेच मानतात, पण पाळायला लावणारी ती एकटी. शाळेची पोरं हातमोजे विसरून परत यायची, तर तिचं ठरलेलं वाक्य यायचं: "आरशात बघून जा." पोरं जीभ काढून बघायची आणि पळायची. आमच्या डायरेक्टरीणबाई एकदा राजधानीच्या गाडीला उशीर होत असताना छत्रीसाठी परत आल्या. ही काउंटरमागून बाहेर आली आणि दार अडवून उभी राहिली. बाईंना आरशात बघावं लागलं. गाडी चुकली ती चुकलीच.

आता चित्राकडे येतो.

त्याचं नाव 'गेटवरची संध्याकाळ'. आमचा पोलादाचा कारखाना, पलीकडच्या रुळांवरून बघितलेला. चार धुराडी, त्यांचा पिवळा, करडा, तांबूस धूर, मागे भट्टीतली लोखंडाची जळती मळी ओततात तेव्हा आभाळाला येतो तो नारिंगी उजेड. खाली गेट, आणि गेटातून बाहेर पडणारी दुसरी पाळी. माणसं नखाएवढी. पण गावातल्या प्रत्येक घरानं त्यातलं एकेक माणूस वाटून घेतलं होतं. तो टोपीवाला आमचे आजोबा, ती लाल रुमालवाली आमची काकू. रविवारी त्यावरून भांडणं व्हायची. ओदार्कानं त्या लाल रुमालवालीवर आपल्या आईचा हक्क सांगितला होता आणि दोन घरांशी बोलणं टाकलं होतं.

तिखोनिव्नाचं माणूस मात्र भांडणापलीकडचं होतं. गेटाच्या उजव्या कोपऱ्यात एक गडी कमरेत वाकलाय, आणि त्याच्यासमोर एक चिमुरडी दोन्ही हातांनी जेवणाचा डबा वर धरून उभी आहे. सगळ्या चित्रात मूल एवढं एकच. ती पाच वर्षांची रायीसा. वाकलेला तो तिखोन. तो चित्रकार उलट्या खोक्यावर बसून रंगवायचा, तिच्या आईनं त्याला पाणीही दिलं होतं, म्हणून आईला पक्कं ठाऊक. चित्राचा रंग वाळला असेल-नसेल, आणि तिखोन भट्टीपाशी गेला. वितळलेल्या लोखंडाची बादली कलली. घरी आलं ते पट्ट्याचं बक्कल. त्याचा फोटो होता तो कारखान्याच्या पासावर, आणि तो पास त्याच्या खिशात होता.

आई तिला दर रविवारी संग्रहालयात घेऊन यायची. इतरांची पोरं कबरीवर जायची, ही चित्रापाशी. मोठी झाल्यावर तिनं त्याच कारखान्यात, त्याच भट्टीवरची क्रेन चालवली. लग्न केलं, नवरा दारूपायी गेला, मूलबाळ नाही. पेन्शन सुरू झाली तशी संग्रहालयात येऊन म्हणाली, कसलंही काम द्या. मी एकदा विचारलं, "तिखोनिव्ना, रोज त्याच चित्रासमोर काय उभ्या राहता?" तर म्हणाली, "प्रोकिप, आयुष्यात माझ्यापुढे एकच माणूस वाकला. बाकी सगळ्यांनी मलाच वाकवलं."

मग ते वर्ष उजाडलं आणि मार्चात ते लोक आले. पुलावरून रणगाडे, चौकात त्यांचे झेंडे, पोलीस-चौकीच्या तळघरात आमची माणसं. तळघरातून परत आलेला माणूस काही सांगत नसे. आमच्या गल्लीतला पाववाला परत आला तो दारात उभा राहून नुसते हात बघत राहायचा. एप्रिलात, आमचे शेवटचे शिपाई आत अडून बसले होते म्हणून, त्यांच्या तोफांनी कारखाना फोडला. चारही धुराडी गेली. आमच्या गावात दोरीवरचे कपडे कधी पांढरे राहिले नव्हते. काजळी बसणारच, म्हणून बायका चादरी घरात वाळवायच्या. त्या उन्हाळ्यात चादरी बाहेर पांढऱ्याफेक वाळायला लागल्या. मी त्यांच्यापुढून मान खाली घालून जायचो.

डायरेक्टरीणबाई पहिल्याच आठवड्यात एक बॅग घेऊन निघून गेल्या होत्या. तिखोनिव्नाच्या घराचं छप्पर गोळ्यानं उडालं, तेव्हा ती संग्रहालयात राहायला आली. कोटांच्या खुंट्यांमागे खाट टाकली, काउंटरवर स्टोव्ह ठेवला. मी रोज यायचो. लुटायला काय, आज ना उद्या येणारच हे कळत होतं. शेजारच्या शहरातलं संग्रहालय त्यांनी रिकामं केलं होतं, चित्रं पडद्यांत गुंडाळून नेली होती.

"सगळी वाचवता येणार नाहीत," ती मला म्हणाली. "एक वाचेल."

कुठलं ते विचारायची गरज नव्हती. आम्ही चित्र चौकटीतून काढलं आणि आरशामागे टांगलं. खालच्या अर्ध्या भागातून गरम पाण्याचा नळ जातो, म्हणून वरच्या बाजूला लावावं लागलं. त्यामुळे आरसा वरून भिंतीपासून सुटला, जरासा पुढे झुकला. बाजूनं बघितलं तर फट दिसायची.

"फट दिसते," मी म्हटलं.

"चादर टाकू," ती म्हणाली. "आरसा झाकलेला असला की कोण हात लावतंय?"

बरोबर होतं तिचं. घरात मरण झालं की आम्ही आरसे झाकतो, चाळीस दिवस. झाकलेल्या आरशाजवळ परका माणूस फिरकत नाही. त्या बाबतीत ते लोकही आमच्यासारखेच. पण मरण नसताना आरसा झाकायचा म्हणजे मरणाला आवतण. आणि मेलं कोण म्हणून सांगायचं? जिवंत माणसाचं नाव घेतलं तर तो जायचा.

ती चादर हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "वडील गेले म्हणेन. खोटं तर नाही ना?"

चादर टाकली खरी, पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली. चादरीपुढून जाताना प्रत्येक वेळी छातीवर क्रूस काढायची. दोनदा तिनं मला विचारलं, "प्रोकिप, पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीच्या मरणाला आज आरसा झाकला तर चालतं का?" मी म्हटलं, पाद्र्याला विचारा. पाद्री चौकीच्या तळघरात होता.

ऑक्टोबरात तो आला. गेरमान ल्वोविच. समुद्रापलीकडच्या द्वीपकल्पावरून, म्हणे तिथल्या कुठल्या संग्रहालयातला मोठा जाणकार. उंच, इतका उंच की आमच्या दारातून वाकून आत आला. बूट स्वच्छ, आवाज मऊ. सोबत बंदुकवाले. मला दांडगटांची एवढी भीती वाटत नाही. ह्या माणसाची वाटली.

त्यानं पहिल्यांदा काय केलं, तर कोट काढून काउंटरवर ठेवला. बाहेर लढाई चाललीय, आणि हा आमच्याकडे कोट जमा करतोय. तिखोनिव्नानं सवयीनं कोट उलटा केला, गळ्यापाशी बघितलं.

"फीत तुटलीय," ती म्हणाली.

"क्षमा करा," तो म्हणाला. "आपलं नाव?"

"रायीसा तिखोनिव्ना."

"रायीसा तिखोनिव्ना, आम्ही इथल्या वस्तू सांभाळायला नेतोय. इथे गोळे पडतात, नुकसान होईल."

"गोळे इथवर आणले कोणी?"

बंदुकवाल्यांतला एक पुढे सरकला. गेरमान ल्वोविचनं बिल्ला उचलून खिशात टाकला, आणि मग त्याची नजर चादरीवर गेली. त्यानं टोपी काढली.

"कोण गेलं?"

"वडील."

तो तिच्या सुरकुत्यांकडे बघत मनात वय मोजत असावा. "फार मोठं आयुष्य मिळालं त्यांना."

"नाही. तरुण होते."

मुलीला बाप तरुणच वाटतो असं त्याला वाटलं असेल. "देव त्यांना शांती देवो," तो म्हणाला. "पण इथे कसा झाकलात? घरी झाकतात ना?"

"घरावर छप्पर नाही. आता हेच घर."

त्यानं मान हलवली आणि आरशाला दुरून वळसा घालून वर गेला. मी मनात म्हटलं, वा गं बाई.

दोन दिवस ते चित्रं उतरवत होते. त्या माणसाची एक खोड मी पाहिली. प्रत्येक चित्रापुढे उभा राहायचा, चौकट जरा कललेली असली तर एका बोटानं सरळ करायचा, आणि मग शिपायांना म्हणायचा, "उतरवा." अहो, उतरवायचंच आहे तर सरळ कशाला करता? पण त्याला राहवायचं नाही. आयुष्य चौकटींत गेलेला माणूस. मलाही तीच खोड आहे, म्हणून माझ्या लक्षात आली.

'गेटवरची संध्याकाळ'च्या जागी रिकामा खिळा होता, खाली भिंतीवर गडद चौकोन. तो तिथे थांबला. हे चित्र त्याला पुस्तकातून ठाऊक होतं.

"हे कुठे आहे?"

"राजधानीला," मी म्हटलं. "थंडीत रंग सुटला होता, दुरुस्तीला पाठवलं. लढाईच्या आधी."

"कोणी नेलं?"

"डायरेक्टरीणबाईंनी."

त्यानं खिळ्यावर बोट फिरवलं, बोट बघितलं. "लढाईच्या आधीपासून रिकामा, आणि धूळ नाही."

मागून तिखोनिव्नाचा आवाज आला. ती केव्हा वर आली मला कळलंही नाही. "मी पुसते. काम आहे माझं."

"रिकामा खिळाही?"

"मग? त्याच्यावर काय धूळ बसत नाही?"

तो हसला. मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाला, "प्रोकिप नाव ना तुमचं? मुलं असतील."

"एक मुलगा. पोलंडमध्ये."

"आणि सून?"

सून इथेच होती, नातीला घेऊन, नदीकाठच्या घरात. मी भिंतीवरच्या चौकोनाकडे बघत राहिलो. "बरं," तो म्हणाला, आणि पुढच्या चौकटीकडे गेला. खाली आल्यावर मी तिखोनिव्नाला म्हटलं, "सांगून टाकू का? एक कापडाचा तुकडा आहे शेवटी." ती म्हणाली, "तुझी सून-नात माझ्या बापापेक्षा मोठ्या आहेत. तुला सांगायचं तर सांग, मी तोंड फिरवून बसते." असं म्हटल्यावर कोण सांगणार? मी गेलो नाही. सुनेला निरोप धाडला, नातीला घेऊन खेड्यातल्या मावशीकडे जा म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं संपलं. ट्रक भरले. चित्रं, नाणी, जुना पियानोसुद्धा. कारखाना ह्यांनीच फोडला आणि आता कारखान्याच्या गावाची आठवण जपायला निघाले. सांगायला लाज वाटत नव्हती. निघण्याआधी गेरमान ल्वोविच म्हणाला, "चला, बसू या."

प्रवासाला निघण्याआधी क्षणभर सगळ्यांनी मुकाट्यानं बसायचं, ही रीत. खुर्च्या ट्रकमध्ये गेल्या होत्या. शिपाई पायऱ्यांवर बसले, तो उंच माणूस गुडघे छातीशी घेऊन खालच्या पायरीवर. निघणाऱ्यांबरोबर घरातल्यांनीही बसायचं असतं, म्हणून तिखोनिव्ना आपल्या स्टुलावर बसली आणि मी शिडीच्या पायरीवर टेकलो. बाहेर दूर कुठेतरी तोफ वाजली. कुणी हललं नाही. बाहेरून कुणी डोकावलं असतं तर म्हणालं असतं, एका घरची माणसं आहेत. मला त्याचीच चीड येते अजून.

"देवाच्या भरवशावर," म्हणत तो उठला. तिखोनिव्नानं कोट दिला. फीत शिवलेली होती, दुहेरी टाक्यानं. मी तिच्याकडे रागानं बघितलं, तर ती पुटपुटली, "हात राहत नाहीत रे." तो गेला. इंजिनं सुरू झाली. दार लागलं.

तिनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. मग ती उठली ती थेट आरशाकडे, आणि चादर खसकन ओढून काढली.

"राहू द्या अजून थोडी," मी म्हटलं.

"नाही. रोज मरण बोलावतेय मी. बास झालं." चादर घडी करून तिनं काउंटरवर ठेवली. आणि तिचा चेहरा उजळला. त्या महिन्यांत पहिल्यांदा. "प्रोकिप, वाचले वडील. संध्याकाळी खाली काढू. बघते एकदा."

तेवढ्यात दार उघडलं. तो एकटाच होता. इंजिनं बाहेर चालूच होती.

"गळपट्टा राहिला," तो म्हणाला. "करडा."

गळपट्टा खुंटीवर होता. तिनं काढला, काउंटरवरून पुढे केला. आणि मी तिच्या तोंडाकडेच बघत होतो, म्हणून शपथेवर सांगतो: तिनं बोट केलं नाही, विचार केला नाही, भ्यायलेलीही नव्हती. वर्षानुवर्षं शेकडो पोरांना, डायरेक्टरीणबाईंना, मला, प्रत्येक विसरभोळ्याला जे म्हटलं तेच तिच्या तोंडून निघून गेलं.

"आरशात बघून जा."

शब्द निघून गेल्यावर तिला कळलं. तिचा हात तोंडाशी गेला, पण तोवर तो हसला होता. "माझी आईही हेच म्हणायची," तो म्हणाला. आणि आरशासमोर उभा राहिला.

तिखोनिव्ना बुटकी, मीही बुटका. आम्हाला त्या आरशात आमची तोंडं दिसायची. तो उंच माणूस समोर उभा राहिला, आणि पुढे झुकलेल्या आरशात त्याचे बूट दिसले, कोट दिसला, गळपट्टा दिसला, आणि वर काही नाही. डोकंच नव्हतं.

त्याचं हसू गेलं. परत फिरलेल्या माणसाला आरशात तोंडच दिसलं नाही म्हणजे रस्ता तुटलेलाच राहिला, आणि तेही तोफांच्या रस्त्याला लागताना. तो काय समजला असेल हे आम्हाला सांगायला नको. वाकून बघता आलं असतं. पण चौकट कललेली होती, आणि त्याची खोड त्याला सोडेना. त्यानं हात वर करून आरशाची वरची कड भिंतीकडे ढकलली. ती गेली नाही. त्यानं पुन्हा ढकललं. मग बोटं मागे सरकवली, आणि थांबला.

मी शिडी घट्ट धरली. त्याच्या डोक्यात घालायचा विचार आला होता, खोटं कशाला बोलू. बाहेर बंदुका होत्या.

त्यानं चित्र ओढून काढलं, अलगद, कापड ताणलेल्या मागच्या लाकडी पट्ट्या दोन्ही हातांनी धरून. खिडकीपाशी नेलं. धूर, गेट, नारिंगी आभाळ. तो म्हणाला, "सुंदर आहे."

तिखोनिव्ना काउंटरमागून बाहेर आली. "उजव्या कोपऱ्यात," ती म्हणाली. "गेटापाशी वाकलेला माणूस दिसतो का?"

त्यानं चष्मा काढला, डोळे जवळ नेले. "दिसतो. एक मूल आहे समोर."

"ते मूल मी. आणि त्यांच्यासाठी चादर घातली होती."

तो माणूस तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, ठेवतो. खरंच वाटलं. त्याच्या डोळ्यांत पाणीही आलं असावं, पण पाणी येऊन कुणाचं काय भलं झालंय?

"दोन-तीन वर्षं लागतात माणसांचे चेहरे इतके बारीक काढायला शिकायला," तो काहीतरीच बोलला. मग म्हणाला, "मी सांभाळीन. आणि हे आरशामागे होतं हे मी कुणाला सांगणार नाही, तुम्हाला त्रास होईल. वर माळ्यावर मिळालं म्हणेन." ओरडला असता, मारलं असतं तर बरं. तळघरात नेलं असतं तर आज गावानं तिच्या दाराशी फुलं ठेवली असती. त्यानं दया केली, आणि त्या दयेनं तिचं नाव बुडालं. नंतर आरशाची गोष्ट आमच्याच तोंडून गावात गेली आणि लोक विचारू लागले, चित्र सापडलं आणि हिला साधं कुणी दरडावलंही नाही, ते कसं?

गुंडाळायला काही हवं म्हणून त्यानं इकडेतिकडे बघितलं. काउंटरवर घडी केलेली चादर होती. त्यानं ती उलगडली, चित्र त्यात ठेवलं, चारी बाजूंनी नीट दुमडलं.

"ती नका घेऊ," तिखोनिव्ना म्हणाली.

"रंग खरवडेल नाहीतर," तो म्हणाला.

मग चित्र काखेत मारून तो पुन्हा आरशासमोर गेला. आता आरसा भिंतीला सरळ लागला होता. त्यात त्याचं तोंड दिसलं, पूर्ण, कपाळापासून हनुवटीपर्यंत. त्यानं मान डोलावली आणि निघून गेला. त्याचा रस्ता सुखरूप झाला असेल. तिनंच सांधून दिला होता.

ती दारापर्यंत गेली नाही. आरशाकडे वळली, चादर शोधायला हात काउंटरवर गेला, आणि रिकामा राहिला. मग तिनं खांद्यावरची करडी शाल काढली. शाल केवढीशी, आरशाच्या वरच्या कडेवरून टाकली तर छातीपर्यंतच आली. ती टोकं ओढत राहिली, जणू ओढल्यानं वाढणार होती. मी म्हटलं, "घरून चादर आणतो."

"राहू दे," ती म्हणाली. "आता खरे गेले. बोलावलंच होतं मी." आणि स्टुलावर बसून रडली. मोठ्यानं, घरात मढं असताना बायका रडतात तशी.

नोव्हेंबरात आमचे लोक आले, झेंडे बदलले. संग्रहालय उघडलं; वर बघायला खिळे आहेत. लोक येतात, खिळ्यांपुढे उभे राहतात, खाली येऊन कोट घेतात आणि तिच्याकडे न बघता बिल्ला टाकतात. ती अजून फिती शिवते. कुणाला काही बोलत नाही. आरशावरची शाल कुणी काढा म्हटलं तर एवढंच म्हणते, "पुरलं नाही अजून त्यांना."

परवा ओदार्का आली होती. नदीपलीकडे हॉस्पिटलात तिचा मुलगा आहे, पाय गेलाय, त्याला बघायला निघायचं होतं. पुलाच्या रस्त्यावर रोज गोळे पडतात. संग्रहालयासमोरून बस सुटते, थंडी म्हणून आत येऊन थांबली होती. तिखोनिव्नाकडे पाठ करून. बस आली, ओदार्का बाहेर पडली, आणि लगेच परत आत आली. मुलासाठी घेतलेली टोमॅटोच्या लोणच्याची बरणी खिडकीत राहिली होती.

तिनं बरणी उचलली, आणि निघेना. काउंटरसमोर उभी राहिली. मला कळलं ती कशासाठी थांबलीय. तिलाही कळत होतं, मला कळलंय ते.

"म्हण ना," ओदार्का शेवटी म्हणाली. "तिखोनिव्ना. एकदा म्हण."

तिखोनिव्ना कुणाच्या तरी कोटाला फीत शिवत होती. सुई थांबली. तिनं मान वर केली, ओठ उघडले, आणि मिटले. बाहेर बसनं भोंगा दिला.

ओदार्का स्वतःच आरशासमोर गेली. शालीखाली तिचा कोट दिसला, बरणी धरलेले हात दिसले. ती थोडी वाकली, मग आणखी वाकली, पण शाल उचलायचा धीर तिला झाला नाही. तोंड न बघताच गेली बस पकडायला. संध्याकाळी परतीची बस यायची होती. अंधार पडेपर्यंत तिखोनिव्ना आणि मी ओदार्काची वाट बघत दारात उभे होतो.